डोंगरात आपले काय ठेवले आहे?

रविवारी पहाटे कल्याण स्टेशनवर पाठीला सॅक लावून कसारा लोकलची वाट पाहत उभे राहिलो की ओळखीचे कोणी ना कोणी भेटतेच. कोणी पहिल्या पाळीला निघालेला असतो, कोणी रात्रपाळी संपवून घरी परतत असतो. "कुठे निघालात सगळे?" असे विचारतात. गडावर चाललोय म्हटले की आधी हसू येते आणि मग प्रश्न येतो, "एक सुट्टी मिळते. झोपायचं सोडून डोंगरात काय ठेवलंय?"

आम्ही सहा जण आहोत. तिघे कल्याण पूर्वेचे, एक मैत्रीण डोंबिवलीची, दोघे ठाण्याच्या वागळे इस्टेटचे. एक जण कुरिअरच्या गोदामात आहे, एक नर्सिंग करते, दोघे स्पर्धा परीक्षा देतात, बाकीचे मिळेल ते काम करतात. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत, 6 डिसेंबरला दादरला, 1 जानेवारीला भीमा कोरेगावला आम्ही बरोबर असतो. गेली काही वर्षे आम्ही डोंगरातही बरोबर जातो. त्यामुळे वरचा प्रश्न आम्हाला फक्त स्टेशनवरच नाही, आपल्या माणसांच्या बैठकीतही विचारला गेला आहे. तिथे तो अधिक टोकदार असतो.

एका रविवारी विहारातल्या बैठकीला आम्ही नव्हतो. पुढच्या बैठकीत एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी सगळ्यांसमोर विचारले, "मोर्चाला माणसं मिळत नाहीत आणि तुम्ही ट्रेकिंगला जाता?" आम्ही गप्प राहिलो. मग ते जरा मऊ आवाजात म्हणाले, "बाळांनो, आपल्या लोकांना डोंगर चढायला शिकवू नका. आपण डोंगर उतरून आलोय."

हे वाक्य सोडून देण्यासारखे नाही. आमच्यापैकी एकाच्या आजीने मुरबाडच्या बाजूला रानातून मोळ्या आणून विकल्या आहेत. दुसऱ्याचे आजोबा मेलेली जनावरे ओढण्याचे काम सोडून कल्याणला आले आणि रेल्वेच्या यार्डात हमाली करू लागले. ज्यांच्यासाठी डोंगर म्हणजे डोक्यावरचे ओझे होते, त्यांची नातवंडे दीड-दोन हजारांचे बूट घालून तोच डोंगर मजेसाठी चढतात, हे त्यांना विचित्र वाटणारच. खेड्याबद्दल बाबासाहेबांनी संविधान सभेत 4 नोव्हेंबर 1948 रोजी काय मत मांडले होते, ते आपण सर्वांनी वाचलेले आहे. खेड्याच्या गोडव्यावर आमचाही विश्वास नाही. मग डोंगरात आपले काय ठेवले आहे?

या प्रश्नाचे आम्हाला सापडलेले उत्तर इथे मांडतो आहोत. ते मांडताना आमची स्वतःची एक चूकही सांगावी लागणार आहे. ती सांगितल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे, बाबासाहेब स्वतः सहलीला गेले होते. 1934 सालची ही गोष्ट आहे. चळवळीतल्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांकडे इच्छा व्यक्त केली की आपण सगळे मिळून कुठेतरी पाहायला जाऊ, आणि बाबासाहेबांनी होकार दिला. बेत ठरला तेव्हा वेरूळची बौद्ध लेणी त्यात हवीतच, असे ठरले. बाबासाहेब नाशिकला गेले, मंडळी तिथे त्यांना मिळाली. सगळे मिळून सुमारे तीस जण होते. औरंगाबादच्या वाटेवर दौलताबादचा किल्ला लागतो. तो पाहायला सगळे थांबले.

रमजानचा महिना होता. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर एक लहान तळे होते, काठोकाठ भरलेले. प्रवासाने सगळ्यांचे अंग, कपडे, चेहरे धुळीने माखले होते. काहींनी तळ्याच्या फरसबंदीवर हातपाय आणि तोंड धुतले. मंडळी दरवाजाशी पोहोचतात तोच मागून एक वृद्ध मुसलमान गृहस्थ ओरडत आले. अस्पृश्यांनी तळे बाटवले, अशी त्यांची ओरड होती. बघता बघता जमाव जमला, शिव्या सुरू झाल्या, प्रकरण हातघाईवर येण्याच्या बेतात होते. बाबासाहेबांनी जमावाला विचारले की हाच तुमचा धर्म आहे का, आणि उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही या तळ्यावर अडवाल का? जमाव निरुत्तर झाला. शेवटी किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली, पण एका अटीवर. किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. आणि ती अट पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी एक हत्यारबंद शिपाई बरोबर देण्यात आला.

बाबासाहेबांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात लिहून ठेवला आहे. आज काही लोक त्यातला तेवढाच प्रसंग उचलून एका समाजाविरुद्ध वापरतात. त्यांना बाकीची पाने दिसत नाहीत. त्याच लेखनात 1901 साली वडिलांना भेटायला निघालेल्या लहान भीमरावाची गोष्ट आहे. मसूर स्टेशनवर उतरलेली ही मुले बैलगाडीतून रात्रभर प्रवास करतात आणि बरोबर जेवण असूनही पाण्याअभावी उपाशी राहतात. त्यात बडोद्याची पारशी धर्मशाळा आहे, जिथून परदेशात शिकून आलेल्या विद्वानाला बाहेर काढले गेले. अस्पृश्यता कोणत्या कोणत्या दारात उभी आहे, हे बाबासाहेब दाखवत होते.

आम्हाला या लेखनातली आणखी एक गोष्ट दिसली. त्यातले कितीतरी प्रसंग प्रवासातले आहेत. घरात, वस्तीत, आपल्या माणसांत माणूस सुरक्षित असतो. तो बाहेर पडला, गाडीत बसला, गडाच्या दारात उभा राहिला की त्याची जात त्याला गाठते, आणि बहुतेक वेळा ती पाण्यापाशी गाठते. म्हणजे आपल्यासाठी फिरायला जाणे हा कधीच निव्वळ छंद नव्हता. मोकळ्या जगात, सार्वजनिक जागी, इतरांसारखे वावरण्याचा तो हक्क होता. 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले, ते तहान लागली म्हणून नव्हे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव 1923 सालीच मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला होता. कागदावरच्या त्या हक्कापर्यंत पायांनी चालत जावे लागले.

आता कोणी म्हणेल, 1934 गेले, तळी खुली झाली, गडावर आता शिपाई बरोबर येत नाही. खरे आहे. आता काय येते, ते सांगतो.

आमचा पहिला ट्रेक पैसे भरून, एका ग्रुपबरोबर झाला. ग्रुपचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण प्रश्न एका ग्रुपचा नाही. रात्री बस निघाली. बसमध्ये ओळखी करून देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. नाव, आडनाव, राहणार कुठे, काय करता. आमच्यातल्या एकाचे आडनाव जाधव. त्याच्या वेळी एक जादा प्रश्न आला, "जाधव म्हणजे मूळ कुठले?" त्याने गाव सांगितले. "तसं नाही, म्हणजे..." असे म्हणून विचारणारा थांबला. आमच्या मित्राने सरळ सांगितले, "बौद्ध." त्यावर म्होरक्या हसून म्हणाला, "अरे, आम्ही असलं काही मानत नाही," आणि माइक पुढे गेला.

त्यानंतर कोणी एक शब्दही वाईट बोलले नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण आजची जात अशीच असते. दुसऱ्या दिवशी चढताना उन्हात सगळ्यांचे पाणी कमी पडू लागले. बाटल्या या हातातून त्या हातात जाऊ लागल्या. लोक तोंड न लावता वरून घोट घेत होते. आम्हीही आमची बाटली पुढे दिली. ती चार हातांतून फिरली आणि परत आली. जेवढी भरलेली गेली होती, तेवढीच भरलेली.

माथ्यावर म्होरक्याने गडाचा इतिहास सांगितला. चांगला सांगितला. तो संपल्यावर आम्ही विचारले की गडाच्या घेऱ्यात, पायथ्याच्या मेटांवर, रात्री रानात पहाऱ्याला कोण असायचे? मराठा काळातल्या किल्ल्यांच्या व्यवस्थेत रामोशी, महार, मांग, कोळी या लोकांकडे हे काम होते, ही काही लपलेली गोष्ट नाही. गडावर शत्रू पोहोचायचा तर आधी त्यांच्याशी गाठ पडायची. तो म्हणाला, "ट्रेकवर जातीचा विषय नको रे."

बसमध्ये आडनाव विचारले तेव्हा तो जातीचा विषय नव्हता. बाटली भरलेली परत आली तेव्हाही नव्हता. आमच्या पूर्वजांनी गडाची राखण केली, हे सांगायची वेळ आली तेव्हा मात्र तो जातीचा विषय झाला.

परतताना आम्ही ठरवले की आपले आपण जायचे. आमच्या गटाला नाव नाही, टी-शर्ट नाही, बॅनर नाही. लोकल, एसटी, शेअर रिक्षा, आणि त्यापुढे पाय. असे फिरायला लागल्यावर डोंगर आम्हाला वेगळे काही सांगू लागला.

ठाणेकरांना येऊरच्या बाजूने जो डोंगर दिसतो, त्याच रानाच्या पोटात कान्हेरीची लेणी आहेत. शंभराहून अधिक लेणी एका डोंगरात. बहुतेक लोक मोठे चैत्यगृह आणि त्यातल्या बुद्धमूर्ती पाहून परततात. पहिल्या खेपेला आम्हीही तेच केले. दुसऱ्या खेपेला पावसाळ्यात गेलो आणि कातळावरून वाहणारे पाणी पाहत बसलो. लेण्यांच्या माथ्यावर कातळात पन्हळी खोदल्या आहेत. त्यांतून पावसाचे पाणी वळवून लेण्यालेण्यापाशी खोदलेल्या टाक्यांत आणले आहे. वर्षाचे चार महिने पडणारा पाऊस उरलेल्या आठ महिन्यांसाठी साठवण्याची ती व्यवस्था आहे.

ही टाकी कोणी खोदवली? कान्हेरीच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यात कल्याणच्या माणसांची नावे पुन्हा पुन्हा येतात. सातवाहन काळात कल्याण हे भरभराटीचे व्यापारी शहर होते. एका लेखात कल्याणचा सामिदत नावाचा सोनार आहे. त्याने पाण्याचे टाके दान दिले. शिलालेखाच्या प्राकृतात टाक्याला 'पानीयपोढी' म्हटले आहे आणि दानाला 'देयधम'. कल्याणच्या लोहाराचेही नाव दानात आहे. राजा नाही, सरदार नाही. आपल्या धंद्याचे नाव न लाजता दगडात कोरून घेणारे कारागीर. आमच्याच शहरातला एक सोनार स्वतःच्या कमाईतून अनोळखी भिक्खूंसाठी डोंगरात पाण्याची सोय करतो, हे वाचल्यावर आम्ही बराच वेळ त्या लेण्यांत बसून होतो.

दुसरीकडे नाणेघाट. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणारी एसटी वैशाखऱ्याला सोडते. तिथून रानातून चढत गेले की जुन्नरच्या पठारावर नेणारी ती जुनी व्यापारी वाट लागते. तिथेही कल्याणचा माल याच वाटेने वर जात असे. घाटाच्या तोंडाशी सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख असलेली गुहा आहे. त्या लेखात कोणकोणते यज्ञ केले आणि दक्षिणा म्हणून किती गाई, घोडे, कार्षापण दिले याची मोठी यादी आहे. इतिहासाचे अभ्यासक त्यातल्या अंकांसाठी तो लेख मोलाचा मानतात, आणि तो मोलाचा आहेच. पण चढून घामाघूम झालेल्या आमच्यासारख्या वाटसरूच्या मनात दोन्ही लेख एकमेकांशेजारी येऊन बसतात. एकीकडे यज्ञांच्या दक्षिणेचा हिशेब, दुसरीकडे सोनाराने दिलेले पाण्याचे टाके. समजून घ्यायला पीएचडी लागत नाही.

तर ज्येष्ठांना आमचे पहिले उत्तर हे. आपण डोंगर उतरून आलो हे खरे, पण आपण तिथे फक्त मोळ्याच ठेवून आलेलो नाही. आपला इतिहासही तिथेच राहिला आहे. आपण गेलो नाही तर दुसरे कोणी तो त्यांच्या सोयीने सांगतील. लेण्याद्रीला बौद्ध विहारात गणपती आहे. कल्याणजवळच्या लोनाडच्या लेण्यात देवी आहे. हे पाहायला, नोंदवायला आणि समजून सांगायलाही पायच लागतात.

दुसरा आक्षेप असतो की साहस हे पोट भरलेल्यांचे काम आहे. याचे उत्तर आपल्या मुलांनी केव्हाच दिले आहे. 25 मे 2014 रोजी मालावत पूर्णा ही आजच्या तेलंगणातली आदिवासी मुलगी एव्हरेस्टवर पोहोचली. तेव्हा तिचे वय 13 वर्षे 11 महिने होते. तिच्याबरोबर आनंद कुमार हा दलित मुलगा होता. दोघेही सरकारच्या समाजकल्याण निवासी शाळांचे विद्यार्थी. त्यांनी शिखरावर बाबासाहेबांचा फोटो नेला. आपल्या महाराष्ट्रातही मे 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे, विकास सोयाम. ही नावे तुमच्यापैकी किती जणांना पाठ आहेत? या मुलांना आधी काय कमी होते? दम नव्हता की छाती नव्हती? प्रशिक्षण, बूट, दोर आणि "तू जा" म्हणणारे कोणी, एवढेच नव्हते. ते मिळाले आणि ती गेली.

इथवर लिहिले ते आम्ही कोणत्याही सभेत छाती पुढे काढून सांगू शकतो. आता चुकीबद्दल.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही शहापूर तालुक्यातल्या एका डोंगरावर गेलो. आसनगावला उतरलो, रिक्षा केली, पुढे चालत गेलो. मे महिन्यात जायला नको होते, पण त्या आधीचे सगळे रविवार जयंतीच्या कार्यक्रमांत गेले होते. प्रत्येकाकडे दोन लिटर पाणी होते. माथ्यावर टाके आहे असे ऐकले होते. टाके होते, पण तळाशी हिरवा गाळ उरला होता. उतरताना एकाला चक्कर आली. दुपारी दोनच्या सुमारास खालच्या पाड्यावर पोहोचलो तेव्हा सहा जणांत मिळून पाण्याचा थेंब नव्हता.

पाड्याच्या तोंडाशी एका कुडाच्या घरासमोर एक आजी बसली होती. आम्ही काही बोलायच्या आत ती उठली, आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. नाव विचारले नाही. गाव विचारले नाही. आडनाव तर नाहीच. आम्ही तांब्याला तोंड लावून प्यालो. ती पुन्हा आत गेली, पुन्हा भरून आणला. आम्हाला काय वाटले ते सांगून समजणार नाही. ती भरलेली परत आलेली बाटली आमच्या डोक्यात इतकी वर्षे होती, आणि इथे एक अनोळखी आदिवासी बाई तिसरा तांब्या आणत होती.

मग आम्ही काय केले? एकाने बाटल्या भरून घेतल्या. आजी म्हणाली, घ्या. चक्कर आलेल्या मित्राच्या डोक्यावर पाणी ओतले, ते ठीक होते. पण मग दुसऱ्यानेही स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतले, तिसऱ्याने तोंड धुतले, पाय धुतले. हंडा तळाला गेला.

दाराशी दहा-बारा वर्षांची एक मुलगी उभी होती. ती काही बोलली नाही. तिने रिकामा हंडा उचलला, त्यात एक वाटी टाकली आणि निघाली. वाटी कशाला, हे आम्हाला कळेना. आमच्यातली मैत्रीण तिच्या मागे गेली, मग आम्हीही गेलो. टेकाडापलीकडे कोरडा ओहळ होता. ओहळाच्या वाळूत कमरेइतका खड्डा खणलेला होता आणि तळाशी पाणी झिरपत होते. मुलगी खाली उतरली. वाटीने एकेक वाटी भरून हंड्यात ओतू लागली. पाच-सहा वाट्या झाल्या की थांबायची, पाणी साठायची वाट पाहायची. आम्ही घड्याळ लावले. हंडा भरायला पाऊण तास लागला. वर आणखी दोन बाया आपापले हंडे घेऊन नंबर लावून बसल्या होत्या.

कोणी काही बोलले नाही. आम्ही तो हंडा वर आणून दिला, एवढेच करण्यासारखे होते.

परतीच्या लोकलमध्ये आमच्यात भांडण झाले. एक म्हणाला, आपल्याला माहीत नव्हते. दुसरी म्हणाली, माहीत नव्हते कारण विचारले नाही. दौलताबादला तळे काठोकाठ भरलेले होते आणि हात लावायला बंदी होती. इथे हात लावायला बंदी नव्हती, पाणीच नव्हते. आणि ते संपवणारे आम्ही होतो, चवदार तळ्याचा वारसा सांगणारे.

घरी येऊन नकाशा काढला तेव्हा लाज आणखी वाढली. भातसा आणि तानसा ही धरणे याच शहापूर तालुक्यात आहेत. मुंबईला लागणाऱ्या पाण्यातले जवळपास निम्मे एकट्या भातसेतून जाते. ठाणे शहरालाही भातसेचे पाणी मिळते. म्हणजे वागळे इस्टेटमधल्या आमच्या मित्रांच्या नळाला जे पाणी येते, ते त्या पाड्याच्या तालुक्यातून येते. दर उन्हाळ्यात शहापूरच्या गावपाड्यांवर टँकर सुरू करावे लागतात. टँकर येतो, विहिरीत ओततो, आणि बाया दोरी-बादली घेऊन पुन्हा विहिरीतूनच ते शेंदतात. धरणासाठी जमीन आणि रान ज्यांचे गेले, त्यांच्या डोक्यावरचा हंडा मात्र उतरला नाही. याला काय म्हणायचे? आता शिपाई हत्यार घेऊन उभा राहत नाही. पाइपलाइन जवळून जाते आणि त्या पाड्यासाठी तिला तोटी नसते.

पुढच्या रविवारी आम्ही पाण्याचे कॅन घेऊन जावे असे एकाने सुचवले. आम्ही ते केले नाही. एका दिवसाचे पाणी देऊन फोटो काढणारे खूप आहेत. आम्ही मोकळ्या हाताने गेलो, पाड्यावरच्या बायांबरोबर बसलो, काय हवे ते विचारले. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. टँकर ठरलेल्या दिवशी यावा आणि जुन्या विहिरीचा गाळ निघावा. त्यांच्या सांगण्याप्रमाणे अर्ज लिहिला. तो त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. सह्या आणि अंगठे त्यांचे. त्यांच्यातल्या दोघी आणि आमच्यातले दोघे तो घेऊन संबंधित कार्यालयात गेलो.

तिथल्या साहेबांनी अर्ज पाहिला, आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "तुम्ही कुठले?" कल्याणचे, असे सांगितले. "मग तुमचा काय संबंध?"

हा प्रश्न आम्हाला नवा नव्हता. गडाच्या इतिहासाशी तुमचा काय संबंध, लेण्यांशी तुमचा काय संबंध, हे वेगवेगळ्या शब्दांत ऐकलेच होते. आमच्या मित्राला भाषण येते, तो कलमे सांगू शकला असता. तो एवढेच म्हणाला, "साहेब, आम्ही यांचं पाणी प्यालोय."

त्या उन्हाळ्यात टँकर नियमित आला. विहिरीचा गाळ अजून निघालेला नाही. अर्ज पुन्हा दिला आहे, त्यावर आता पाड्यावरच्या आणखी बायांच्या सह्या आहेत आणि अर्ज लिहिणारी त्यांच्यातलीच एक शिकलेली सून आहे. आमचे काम आता फक्त तिच्याबरोबर जाण्याचे उरले आहे. हा विजय नाही. पण मोर्चाला माणसे मिळत नाहीत म्हणणाऱ्या आमच्या ज्येष्ठांना आम्ही हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुढच्या वेळी निघाल की मला सांगा. चढायला जमणार नाही, पाड्यापर्यंत येईन." एप्रिलमध्ये ते आले. आजीबरोबर ओट्यावर तासभर बसून होते. त्यांच्या गावाकडचा झिराही असाच वाळूत खणलेला असायचा, असे त्यांनी येताना गाडीत सांगितले. तेवढे बोलून ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

म्हणून तरुण मित्रमैत्रिणींनो, डोंगरात जा. जरूर जा. मुलींना घेऊन जा, त्यांनाच पुढे चालू द्या. कान्हेरीला जा आणि कल्याणच्या सोनाराचे टाके शोधा. गडावर जा आणि घेऱ्यात कोण होते ते सांगा. पैसे भरून जाणार असाल आणि कोणी आडनाव विचारले तर लपवू नका, वाढवूनही सांगू नका. पावसाळ्यात निसरड्या कातळावर शौर्य दाखवू नका, आपल्या आईबापांनी आपल्याला त्यासाठी वाढवलेले नाही. उन्हाळ्यात माणशी चार लिटर पाणी बरोबर घ्या आणि वरच्या टाक्याच्या भरवशावर राहू नका. पाड्यावर पाणी मागण्याआधी हे पाणी कुठून येते, ते विचारा. आणि प्यालात, तर मग तुमचा संबंध जोडला गेला, हे विसरू नका.

डोंगरात आपले काय ठेवले आहे, असे पुन्हा कोणी स्टेशनवर विचारले तर आता आम्ही सांगतो, एक हंडा ठेवला आहे. आम्ही रिकामा केलेला. तो भरेपर्यंत जात राहू.

जयभीम!